जूनपासून कुलूप आहे

शाळेच्या फाटकातून आत शिरलं की डाव्या हाताला तो फळा होता. महापालिकेची मुलींची शाळा, पाचवी ते दहावी, आणि फळा थेट रस्त्याकडं तोंड करून. शाळेचं ज्ञान जाणाऱ्या-येणाऱ्यालाही दिसावं असा त्यामागचा विचार. वर एक सुविचार, खाली 'आजच्या बातम्या' या मथळ्याखाली वर्तमानपत्रातल्या तीन बातम्या. दर आठवड्याला एका वर्गाची पाळी. सकाळी मुलीनं लिहायचं आणि पाच वाजता बायडाबाई शिपाईणीनं ओल्या फडक्यानं पुसायचं. कुठं धरणाचं उद्घाटन झालं, कुठं पूर आला, कुठल्या मंत्र्यानं काय सांगितलं, एवढं सगळं त्या फळ्यावर येऊन गेलं होतं. शाळेची बातमी मात्र कधी आली नव्हती. शाळेत काही घडतं आणि ते बातमी देण्याजोगं असतं, हे कुणाच्या डोक्यातच नव्हतं.

एकोणऐंशी साली दिवाळीची सुट्टी संपली आणि दहावीची पाळी आली. लिहायचं काम नजीराकडं गेलं, ते जाणारच होतं. तिचे वडील दस्तगीर पेंटर. शाहूपुरीतल्या निम्म्या दुकानांच्या पाट्या त्यांच्या हातच्या. पोरीनं बापाचं अक्षर जसंच्या तसं उचललं होतं, टपोरं आणि लांबून वाचता येणारं. लांबून वाचता येणारं अक्षर ही चांगली गोष्ट आहे असं सोमवारी सकाळी अकरापर्यंत सगळेच मानत होते.

सोमवारी नजीरानं दोन बातम्या वर्तमानपत्रातून उतरवल्या. तिसरी कुठूनच उतरवली नाही.

"आपल्या शाळेतील मुलींच्या संडासाला जूनपासून कुलूप आहे. किल्ली ऑफिसात आहे. त्यामुळे मुली दिवसभर पाणी पीत नाहीत. दहावीतील वैजयंता खाडे ही याच कारणाने आजारी पडून दवाखान्यात आहे."

झालं! एवढंच लिहिलं होतं. ना कुणाला शिवी, ना कुणाचा मुर्दाबाद.

आता हे संडासाचं प्रकरण सांगितलं पाहिजे, नाहीतर कुणाला वाटेल शाळेत संडासच नव्हता. होता, आणि चांगला होता. गेल्या वर्षी एका देणगीदारानं आपल्या आईच्या नावानं बांधून दिलेला, चार खोल्यांचा, पांढऱ्या फरशीचा, दारावर संगमरवरी पाटी असलेला. जूनमध्ये तपासणीला साहेब आले. आदल्या दिवशी बायडाबाईनं तो घासूनपुसून लखलखीत केला होता. साहेबांनी शेरेबुकात लिहिलं, 'स्वच्छतागृह आदर्श.' मुख्याध्यापक हंबीरराव इंगवले यांना आयुष्यात एवढा चांगला शेरा कधी मिळाला नव्हता. तो टिकवायचा कसा याचा त्यांनी विचार केला, आणि दुसऱ्या दिवशी दाराला पितळी कुलूप घातलं. पोरींनी वापरला तर घाण होणार, घाण झाला तर आदर्श कसा राहणार? शिकवणाऱ्या बाईंसाठी स्टाफरूमच्या मागं वेगळी सोय होतीच. सरांचं बघायला गेलं तर ते लबाड नव्हते, पैसे खाणारे तर अजिबात नव्हते. पण चांगली वस्तू वापरायची नसते, जपायची असते, अशी माणसं आपल्याकडं घरोघर असतात. तशातलेच ते.

पोरींनी त्यावर बिनबोभाट तोड काढली. पाणीच प्यायचं नाही. अकरा ते पाच घशाला कोरड, पण कुणी रांजणाकडं फिरकायचं नाही. सकाळी भरलेला रांजण बायडाबाई संध्याकाळी तसाच झाडांना ओतायची. वैजयंता तर कळंब्याहून चालत यायची, म्हणजे तिचा उपास सकाळी नऊपासून सुरू. दिवाळीची सुट्टी संपल्यावर चौथ्या दिवशी ती वर्गात तापानं फणफणली, पोट धरून बाकावर आडवी झाली. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तिच्या आईला तोंडावर सांगितलं, पोरगी पाणी पीत नाही आणि लघवी दाबून धरते, दुसरं काय होणार? हे सोबत गेलेल्या नजीरानं आपल्या कानांनी ऐकलं होतं. चार दिवस ते तिच्या डोक्यातून जात नव्हतं.

तर सोमवारी ते फळ्यावर आलं. आणि कोल्हापूरचा माणूस फळा मनातल्या मनात वाचत नाही.

सायकलला किटल्या लावलेला एक दूधवाला पाय टेकून थांबला आणि खणखणीत आवाजात पहिल्या शब्दापासून वाचत सुटला. भाजीच्या पाट्या डोक्यावर घेतलेल्या दोन बायका उभ्या राहिल्या. "काय म्हंतोयस? पोरींच्या संडासाला कुलूप? आन् किल्ली कुनाकडं?" "हेडमास्तराकडं हाय म्हनं." "तो काय करतोय किल्ली घिऊन?" रस्त्यावर हशा पिकला.

इंगवले सर काळा कोट सावरत धावत आले. त्यांनी वाचलं. त्यांचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला.

"बायडाबाई! पुसा ते!"

बायडाबाई कमरेवर हात ठेवून उभी होती. "पाचाला पुसायचं आसतंय न्हवं, सर? आत्ता कुठं आकरा वाजल्यात."

"मी सांगतोय ना, पुसा!"

"फडकं वाळत घाटलंय," बायडाबाई म्हणाली आणि हलली नाही. मग सरांनी स्वतःच्या रुमालानं तिसरी बातमी पुसली. बाह्या खडूनं पांढऱ्या झाल्या. सुविचार आणि दोन बातम्या तशाच राहिल्या आणि खाली मोठी मोकळी जागा. सगळ्या शाळेनं ती दिवसभर जाता-येता वाचली.

मग सरांनी नजीराला ऑफिसात बोलावलं. पुढं पुष्कळ लोकांनी सांगितलं की ती पोरगी वाघीण होती. तसं काही नव्हतं. तिला रडू येत होतं, आणि रडलं तर सगळं संपलं हे तिला कळत होतं.

"असले शब्द लिहितात फळ्यावर? मुलीच्या जातीनं?" सर ओरडले. "रस्त्यावर! पुरुष माणसं वाचतात!"

"सर, त्यात खोटं काय आहे?" तिनं पुस्तकातल्या भाषेत विचारलं. भीती वाटली की ती पुस्तकातली भाषा बोलायची.

"खोटं-खऱ्याचा प्रश्न नाही! फळा तुझ्या बापाचा नाही, शाळेचा आहे."

"मी शाळेतलीच आहे, सर."

सरांनी टेबलावरचा गठ्ठा पुढं ओढला. बोर्डाच्या परीक्षेचे फॉर्म, एकतीस मुलींचे. शुक्रवारी ते पाठवायचे होते. "शुक्रवारी प्रार्थनेला सगळ्या शाळेसमोर माफीनामा वाचायचा. जे लिहिलं ते चूक होतं, असं. वाचलास तर या फॉर्मवर माझी सही होईल. नाहीतर बस घरी. मार्चमध्ये बापाच्या पाट्या रंगव."

दहावीचा फॉर्म म्हणजे काय हे नजीराला कुणी सांगायची गरज नव्हती. तिच्या घराण्यात दहावीच्या परीक्षेला बसणारी ती पहिलीच. चुलत्यांनी दस्तगीरला आधीच सांगून ठेवलेलं होतं, एक वर्ष जरी वाया गेलं तर पोरीचं लग्न करून टाक. फॉर्म हुकला की शाळा संपली आणि पाठोपाठ पोरगीही परक्या घरी जाणार.

मंगळवारी सरांनी फळाच उतरवला. एवढा मोठा फळा ठेवायचा कुठं? शाळेत रिकामी, स्वच्छ आणि कुलूपबंद अशी एकच जागा होती. दोन गड्यांनी तो उचलून तिथं नेला आणि सरांनी परत कुलूप घातलं. बघणाऱ्या पोरी ओढण्या तोंडात कोंबून हसल्या, पण पाणी प्यायला त्या दिवशीही कुणी गेलं नाही.

घरी नजीराच्या आईनं, ताजबीनं, कपाळावर हात मारून घेतला. "कसला शब्द लिवलीस गं, बाजारात! चार मानसं काय म्हनतील? माग की माफी. जीभ झडती काय?"

दस्तगीर ओसरीवर एका मिठाईच्या दुकानाची पाटी रंगवत बसले होते. दोरीला खडू लावून त्यांनी रेघ मारली, कुंचला पुसला, मग बोलले. "तीस वर्सं बोर्ड लिवतोय मी. 'शुद्ध तुपातली मिठाई' लिवतो. तूप कसलं आसतंय मला म्हाईत हाय. हात माझा, गोष्ट त्यांची. माझ्यावर कुनी कदी चिडलं न्हाई."

"मग मी माफी मागू, आब्बा?"

"मी कुठं तसं म्हनलो? मला कुनी कदी इचारलंच न्हाई तुला काय लिवायचंय म्हनून. मला न्हाई सांगता येत." आणि ते परत पाटीकडं वळले. नजीराला त्यांचा राग आला. हो म्हणा नाहीतर नाही म्हणा, पण हे काय?

बुधवारी तिला कळलं की वैजयंताला घरी सोडलंय. शाळा सुटल्यावर ती तडक कळंब्याला गेली. मनातून तिला वाटत होतं, वैजयंता गळ्यात पडेल. तिच्यासाठीच तर एवढं सगळं केलं होतं.

दारातच वैजयंताची आई धोंडुबाई म्हशीला वैरण टाकत होती. नजीराला बघून तिनं वैरणीची पेंढी खाली आपटली. "आलीस व्हय? ये, बग काय केलंयस ते! माझ्या पोरीचं नाव रस्त्यावर लावलीस. डेरीवर दूध घालाय गेलं तर मानसं इचारत्यात, पोरगीला काय झालंय म्हनं? उद्या पावनं बगाय येतील, त्यास्नी काय सांगू मी?"

वैजयंता आत घोंगड्यावर पडली होती. तिनं तोंड भिंतीकडं केलं.

"वैजू, मी खरं तेच लिवलं गं."

"तुजं नाव का न्हाई लिवलीस?" भिंतीकडूनच आवाज आला. "तूबी पानी पीत न्हाईस. समद्याच पीत न्हाईत. माजंच नाव कसं सापडलं तुला?"

नजीरानं वैजयंताला विचारलं नव्हतं. विचारावं असं तिच्या मनातच आलं नव्हतं. बातमी पक्की दिसावी म्हणून तिनं नाव घातलं, पाटीवरच्या अक्षरांना शेवटी बारीक सावली काढतात तसं, आणि ते एका जिवंत पोरीचं नाव होतं. परत येताना ती तळ्याच्या कडेनं रडत आली. सरांपुढं आलं नव्हतं ते सगळं रडू तिथं आलं. आता माफी मागायला तिला कारणही मिळालं होतं. शुक्रवारी उभं राहायचं, चुकलं म्हणायचं, फॉर्मवर सही घ्यायची. कुणालाच त्रास नाही. हा विचार इतका सोयीचा होता की तिला त्याचाच संशय आला.

गुरुवारी दिवसभर ती लिहीत आणि खोडत राहिली.

शुक्रवारी प्रार्थना झाली. मैदानात सहा वर्गांच्या रांगा. इंगवले सर व्हरांड्यात, शेजारी बाई. दहावीच्या रांगेत शेवटी शाल लपेटून वैजयंता उभी होती. तिच्याही फॉर्मवर तिला आजच सही करायची होती, म्हणून चुलता तिला सायकलवरून सोडून गेला होता. पोरी तिच्यापासून जरा अंतर ठेवून उभ्या होत्या, नाव फळ्यावर आलेल्या मुलीपासून ठेवतात तेवढं.

"नजीरा दस्तगीर पेंटर," सरांनी हाक मारली, "माफीनामा वाचेल."

नजीरा पायरीवर चढली. कागद तिनं दोन्ही हातांनी धरला.

"सोमवारच्या बातमीत माझी एक चूक झाली. मी वैजयंता खाडे हिचं नाव तिला न विचारता लिहिलं. त्यामुळे तिला आणि तिच्या घरच्यांना त्रास झाला. वैजयंता, मी तुझी माफी मागते. सगळ्या शाळेसमोर मागते." ती थांबली. सरांची मान समाधानानं हलत होती. "तिच्या नावाच्या जागी माझं नाव लिहायला पाहिजे होतं. मीसुद्धा जूनपासून शाळेत पाणी पीत नाही. बाकी बातमी खरी आहे. ती मी मागे घेत नाही."

सरांची मान हलायची थांबली.

"हा माफीनामा नाही!" ते गरजले. "तुझ्या फॉर्मवर सही होणार नाही. ऐकलंस? खाली उतर!"

नजीरा उतरली. कागद तिनं नीट चौघडी घालून ठेवला. तेवढ्यात दहावीच्या रांगेत शेवटी हालचाल झाली. वैजयंता रांगेतून बाहेर पडली. नजीराकडं तिनं बघितलंही नाही. हळूहळू चालत ती रांजणापाशी गेली, साखळीनं बांधलेला पेला बुडवला आणि पाणी प्यायली. एक पेला. मग दुसरा. सगळी शाळा बघत होती. इतकं शांत झालं होतं की घटाघटा आवाज व्हरांड्यापर्यंत ऐकू आला. तोंड पुसून ती व्हरांड्याच्या पायरीशी आली आणि सरांपुढं हात पसरला.

"किल्ली द्या, सर. डाक्टरीन बाईनी सांगितलंय, दाबून धरायचं न्हाई."

"वैजयंता, जागेवर जा!"

"जातो की. जाऊन आल्यावर जातो."

मग काय झालं ते कुणी ठरवलेलं नव्हतं. दहावीतली एक पोरगी रांजणाकडं गेली. मग नववीतल्या दोघी. मग पाचवीच्या चिमुरड्या तर पळतच सुटल्या. त्यांना एवढंच कळलं होतं की आज पाणी प्यायला परवानगी आहे. पाच महिन्यांची तहान ती! पेला एक आणि पोरी अडीचशे, ओंजळीनं प्यायल्या. पिऊन झालेली प्रत्येक जण वैजयंताच्या मागं उभी राहिली. कुणी घोषणा दिली नाही, कुणी आवाज केला नाही. नुसती रांग, आणि अशी रांग की जिला फार वेळ थांबवता येत नाही हे इंगवले सरांनासुद्धा कळत होतं.

"सर," बायडाबाई शांतपणे म्हणाली, "बारक्या पोरी हाईत. हितंच व्हरांड्यात करतील. मग मला न्हाई धुवाय सांगायचं."

किल्ली ऑफिसातल्या खिळ्याला होती. सर 'हो' म्हणाले नाहीत, 'नाही'ही म्हणाले नाहीत. बायडाबाईनं त्याचा अर्थ आपल्या सोयीनं लावला आणि किल्ली काढून आणली. आधी फळा बाहेर काढावा लागला, तो पोरींनी भिंतीला टेकवून ठेवला. मग वैजयंता आत गेली.

दुपारी चारला नजीराला ऑफिसात बोलावणं आलं. टेबलावर गठ्ठा बांधायला तयार होता. तीस फॉर्मवर सह्या झाल्या होत्या. तिचा एकटा बाजूला पडला होता. पिराजी कारकून सोबतच्या पत्रावर वर्गाची यादी उतरवत होता.

"आता कुलूप निघालंय, म्हणून तू जिंकलीस असं समजू नकोस," सर म्हणाले. ते थकलेले दिसत होते. "अजून वेळ आहे. चुकले म्हण."

"वैजयंताला म्हटलं, सर. तुम्हाला म्हणण्यासारखं मी काही केलेलं नाही."

"पिराजी, एकतिसावा फॉर्म जाणार नाही."

पिराजीनं मान वर केली. "साहेब, पटावरच्या मुलीचा फॉर्म जाईना, तर कारन लिवायला लागतंय. हितं रकाना हाय."

"लिही, शिस्तभंग."

"गेल्या साली तसं लिवलं तर बोर्डाचं उलट टपाल आलतं. शिस्तभंग म्हंजे काय केलं, ते सविस्तर पायजे म्हनं. तुमच्याच अक्षरात."

सरांनी पत्र आपल्याकडं ओढलं. लेखणीचं टोपण काढलं. नजीरा टेबलाच्या अलीकडून उलटं वाचत होती, पेंटरच्या पोरीला उलटं वाचता येतं. 'सदर विद्यार्थिनीने शाळेच्या फळ्यावर जाहीरपणे असे लिहिले की,' एवढं भराभर आलं आणि लेखणी थांबली. सरांनी ती उचलली, परत टेकवली. शाईचा ठिपका मोठा होत गेला. पिराजी खिडकीतून बाहेर बघायला लागला.

"सांगू, सर?" नजीरा म्हणाली. "मला तोंडपाठ आहे."

सरांनी तिच्याकडं बघितलं. त्या बघण्यात राग होता, आणि रागाखाली दुसरंही काहीतरी होतं, ज्याला त्यांनी आयुष्यात कधी नाव दिलं नसावं. मग त्यांनी पत्र फाडलं, तिचा फॉर्म ओढून घेतला, सही केली आणि गठ्ठ्यावर टाकला. "नवीन पत्र लिही," ते पिराजीला म्हणाले. "एकतीस." आणि नजीराला म्हणाले, "जा."

ती गेली नाही.

"आता काय?"

"आमच्या वर्गाची पाळी शनिवारपर्यंत आहे, सर. उद्या सकाळी फळा जागेवर पाहिजे."

पिराजीनं नवीन पत्र लिहिलं, गठ्ठ्याला दोरी बांधली, गाठ मारली, तरी इंगवले सर टेबलावरचे कागदच आवरत होते. नजीरा टेबलासमोर उभी राहिली. उत्तर मिळाल्याशिवाय ती तिथून हलणार नव्हती.